दिवसा सांगितलेली गोष्ट

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचं धरण फुटलं. नऊच्या सुमाराला पाणी कसब्यात आलं. आमच्या शाळेत त्या वेळी चाळीस मुलं होती. अनसूयाबाईंनी त्यांना गोष्ट सांगितली. मुलं वाचली. अनसूयाबाईंचा भाऊ गेनू त्या दिवसापासून परत आला नाही.

एवढं लिहायला मला चार दिवस लागले. पुढचंही सावकाशच होईल.

अनसूयाबाई आमच्या शाळेत सेविका होत्या. शाळा महापालिकेची, दुमजली, कसबा पेठेत नदीच्या अंगाला. मी तिथे बाविसाव्या वर्षी शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा त्या तिशीच्या आसपास असतील. नवरा तांबट आळीत भाता ओढायचा. तो छातीच्या दुखण्यानं गेल्यावर त्यांना ही नोकरी आणि शाळेच्या मागची एक खोली मिळाली होती. खोलीत त्या आणि त्यांची मुलगी शेवंता. शेवंता माझ्याच वर्गात दुसरीत होती. अनसूयाबाईंचं माहेर हिंजवडी. त्या काळी हिंजवडी कुठे आहे हे पुण्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागायचं. गेनू हा त्यांचा धाकटा भाऊ. दर बुधवारी तो सायकलवरून मंडईत भाजी घेऊन यायचा, आणि परत जाताना शाळेच्या फाटकाशी उभा राहून भाचीच्या हातात एखादी काकडी ठेवून जायचा. आत कधी आला नाही. शाळेची त्याला भीती वाटायची.

अनसूयाबाई बुटक्या होत्या, चालायच्या भराभर, आणि त्यांचा आवाज मुळीच गोड नव्हता. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे, त्या म्हणायच्या, "घंटा बिघडली तरी अडणार नाही. अनसूयाबाईंना नुसतं 'सुटली' म्हणायला सांगा, नदीपलीकडच्या शाळाही सुटतील." तरीही दिवेलागणीनंतर शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर गल्लीतली पोरं गोळा व्हायची ती या आवाजासाठीच. मीही पुष्कळदा घरी जायची थांबून कडेला उभी राहायचे. मला गोष्टी पुस्तकातून ठाऊक होत्या. तोंडाने सांगितलेली गोष्ट वेगळी असते हे मला तिथे समजलं, पण त्या वयात ते कबूल करायचा माझा स्वभाव नव्हता.

त्यांचे काही नियम होते. हुंकार देणारा कोणीतरी हवा. रोज एका पोराला त्या नेमायच्या, बहुधा सर्वांत द्वाड असेल त्याला. प्रत्येक वाक्याला त्याने "हं" म्हणायचं. तो गप्प झाला की गोष्टही जागच्या जागी थांबायची. "कुटं गेला रं? राजा एका पायावर उभा हाय तिकडं," असं त्या म्हणायच्या, आणि पोरगं दचकून "हं" म्हणायचं.

दुसरा नियम जेवणाचा. गोष्टीतल्या माणसाला आधी जेवायला घालायचं, मग चालवायचं. एकदा मी वर्गात पुस्तकातून एका राजकन्येची गोष्ट वाचून दाखवत होते. ती तीन दिवस रानात हिंडते. अनसूयाबाई दाराशी केर काढत होत्या, त्या थांबल्या.

"बाई, तीन दिवस ती खाती काय?"

"पुस्तकात दिलेलं नाही."

"मग ज्यानं लिव्हलं त्याला कुनीतरी रोज वाढून देत आसंल," असं म्हणून त्यांनी पुढचा केर ओढला.

तिसरा नियम सगळ्यांत पक्का होता. गोष्ट दिवसा सांगायची नाही. दिवसा सांगितली तर मामा वाट चुकतो. ही समजूत मी लहानपणी आमच्या घरीही ऐकली होती. आमच्याकडे ती पोरांची कटकट टाळायला वापरायचे. अनसूयाबाईंकडे तो कायदा होता. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी भर अकरा वाजता त्यांना लोककथा सांगायची आज्ञा केली. साहेबांना अशा गोष्टी जमवायचा नाद होता. वही उघडून ते बसलेच.

अनसूयाबाईंनी विचारलं, "साहेब, आपल्याला भाचरं हायती का?"

"आहेत की. चार."

"मग नको. जाताना रस्ता चुकाल."

मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ते तसे चुकूनच आले आहेत आपल्याकडे. तरी जाऊ दे."

साहेबांनी वही मिटली. आम्ही पुढे कित्येक दिवस ते आठवून हसत होतो. त्या जुलैनंतर त्यावर कोणी हसलं नाही.

त्या बुधवारी शाळा साडेसातला भरली. तीन शिक्षिकांपैकी मी एकटीच पोचले होते. मोठ्या बाई नदीपलीकडून यायच्या, त्या आल्या नाहीत. आठनंतर रस्त्याने माणसं पळताना दिसू लागली. काही आयाबापांनी येऊन मुलं नेली. चाळीस राहिली. त्यांना आम्ही दोघींनी वरच्या मजल्यावरच्या वर्गात नेलं.

पाण्याची लाट आली असं लोक सांगतात. आम्ही लाट पाहिली नाही. पाणी आधी गटारातून वर आलं, मग गल्लीच्या खालच्या टोकाकडून, मग सगळीकडूनच. त्यावर पाट, डबे, कुणाची तरी वाळत घातलेल्या कपड्यांनी भरलेली दांडी, असं काय काय तरंगत होतं. ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं तेव्हा कोपऱ्यावरच्या घराची भिंत पडली. पाण्यावर धुळीचा ढग उठला. मुलं खिडकीतूनच पाहत होती. एक मुलगी म्हणाली, "आमचं घर," आणि जिन्याकडे धावली. तिच्यामागे सगळी. अनसूयाबाई दोन्ही हात पसरून जिन्याच्या दारात उभ्या राहिल्या. पण चाळीस मुलं दोन हातांनी अडत नाहीत.

मी म्हटलं, "अनसूयाबाई, गोष्ट सांगा."

"दिवस हाय, बाई."

"सांगा म्हणते ना."

"शेवंताला मामा हाय. आज बुधवार. त्यो मंडईत आला आसंल."

मी म्हटलं, "असल्या समजुती आत्ता बाजूला ठेवा. ही मुलं खाली गेली तर तुम्ही सांगणार आहात का त्यांच्या आयांना?"

वर्गातल्या एखाद्या मुलीला बोलावं तशी मी बोलले. त्या माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या होत्या.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग त्या चारी खिडक्यांशी गेल्या आणि एकेक करून लावून घेतल्या. कड्या घातल्या. खोलीत अंधार झाला. त्या म्हणाल्या, "रात झाली. बसा." मुलं बसली. मला वाटलं, मुलांना पाणी दिसू नये म्हणून त्यांनी खिडक्या लावल्या. ते त्यासाठी नव्हतंच. नियम मोडावा लागत होता, तर तो निदान तेवढ्यापुरती रात्र करून मोडावा, असं त्यांच्या मनात होतं.

गोष्ट त्यांनी घेतली ती मिठाची. ती मी आधी पायऱ्यांवर ऐकलेली होती. एका भावाची बहीण सात कोसांवर दिलेली असते. पावसाळ्यात तिच्या घरातलं मीठ संपतं. ती कावळ्याबरोबर निरोप धाडते आणि भाऊ मिठाची पुरचुंडी घेऊन निघतो. वाटेत ओढा आडवा येतो, दगड आडवा येतो, साप, गाय, वड, सगळे आडवे येतात, आणि प्रत्येक जण म्हणतो, "मीठ दे, मग वाट देतो." भाऊ चिमूटचिमूट देत जातो. पोचतो तेव्हा हातात एकच चिमूट उरलेली असते. बहीण ती कालवणात टाकते आणि दोघं जेवतात. शेवट चार वाक्यांचा आहे. भावाचीच गोष्ट त्यांनी त्या दिवशी का निवडली हे मी नंतर विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "तेवढी लांब दुसरी येत न्हवती."

हुंकाराला त्यांनी एकाला नेमलं नाही. सगळ्यांना नेमलं. चाळीस मुलं एकदम "हं" म्हणतात तेव्हा बाहेरचं काही ऐकू येत नाही. "मीठ दे, मग वाट देतो" हे तर मुलं ओरडूनच म्हणत होती. सुरुवातीलाच एकदा अनसूयाबाई वाक्याच्या मध्ये थांबल्या. रस्त्याकडच्या खिडकीकडे त्यांनी मान वळवली. मला वाटलं, पुढचं आठवत नसावं. मग त्या मोठ्याने म्हणाल्या, "हुंकार कुटं गेला?" आणि हुंकार आला तो पहिल्याहून मोठा आला. पुढे त्या कुठेही थांबल्या नाहीत. एरवी भावाच्या वाटेत सात जण आडवे यायचे, त्या दिवशी तीस-चाळीस आले असतील. खाली पाणी पायरी पायरीने वर येत होतं, ते शेवटून दुसऱ्या पायरीला थांबलं. दुपार टळल्यावर उतरू लागलं. संध्याकाळच्या आत शेजारच्या गच्चीवरून शिड्या लावून माणसं आली. तेव्हा गोष्टीतला भाऊ नदीकाठी नावेची वाट पाहत उभा होता. "आज हितवर," अनसूयाबाई म्हणाल्या आणि पहिल्या मुलाला उचलून शिडीवरच्या माणसाकडे दिलं.

चौथ्या दिवशी चिखल उपसताना समोरच्या घरातले गृहस्थ मला म्हणाले की पुराच्या वेळी ते गच्चीवर अडकले होते. एक तरुण माणूस खांद्यावर सायकल घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून शाळेखाली आला होता. त्याने वर पाहून हाका मारल्या. "तुमच्या खिडक्या बंद. त्याला वाटलं असणार, आत कोणी नाही. मी ओरडून सांगत होतो, पण त्या आवाजात कसलं पोचतंय. तो तसाच नदीकडच्या देवळाच्या बाजूला गेला, तिकडे माणसं चढून बसली होती म्हणून." त्यांनी सायकलवरची टोपली सांगितली, मुंडाशाचा रंग सांगितला. तो गेनू होता. ते गृहस्थ महिन्याभरात घर सोडून दुसरीकडे राहायला गेले. त्यांनी सांगितलेलं मी कोणालाही सांगितलं नाही. अनसूयाबाईंना तर नाहीच.

त्या त्याला आठ दिवस शोधत होत्या. नदीच्या खालच्या अंगाला बंडाच्या बंधाऱ्यापर्यंत जाऊन आल्या, इस्पितळात, चौकीवर, आणि दोनदा चालत हिंजवडीला. पुराने खोली गेली होती. शहराबाहेर टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याची अर्धगोल घरं उभी केली होती, त्यांतलं एक त्यांना मिळालं. शाळेची इमारत वापरण्याजोगी नव्हती, म्हणून मी तिथेच उघड्यावर वर्ग घेत होते. मुलं येत, पण पाटीवर कोणी काही लिहीत नसे. एक दिवस भर दुपारी शेवंताने आईला विचारलं, "आई, तो नदीकाठी उभा आहे त्याचं पुढे काय?"

मी शेवंताला गप्प करणार होते. अनसूयाबाई म्हणाल्या, "दिवसा सांगितली म्हनून चुकला. आता दिवसाच सांगून आनते." आणि त्या पत्र्याला पाठ टेकून बसल्या. त्यानंतर त्यांनी संध्याकाळी गोष्ट अशी कधीच सांगितली नाही.

भावाला आता नाव होतं. वाटही नुसती गोष्टीतली वाट राहिली नाही. मंडईतून निघायचं, पुलाचे कठडे गेलेत तर जपून, मग गणेशखिंड, औंध, मुळा ओलांडायची, वाकड, मग ओढ्याकाठचा वड, मग म्हातोबाचं देऊळ. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी आडवं यायचं आणि मीठ मागायचं. मुलांना ती वाट पाठ झाली. ज्यांनी हिंजवडी कधी पाहिली नव्हती त्यांनाही.

मग मोठी माणसं येऊ लागली. आधी लांब उभी राहायची. एक निवृत्त कारकून होते, नारायण पेठेतले. धोतर, कोट, उन्हात छत्री. तीन दिवस ते छत्रीखाली उभे राहिले. चौथ्या दिवशी म्हणाले, "बाई, आमच्या वडीलबंधूंचाही पत्ता नाही. त्यांना घेता येईल का तुमच्या गोष्टीत?"

"येईल की."

"त्यांना चालायची सवय नाही हो. टांगा मिळेल?"

"मिळंल. पर टांगेवाला मीठ जास्त मागतो."

"देऊ," ते म्हणाले. "कंजूषपणा आम्ही फक्त घरात करतो." आणि छत्री मिटून मुलांच्या मागे बसले. पुढे रोज यायचे, टांगा कुठवर आला ते ऐकायला.

असे किती तरी जण आले. अनसूयाबाई प्रत्येकाला एकच विचारायच्या, त्या दिवशी सकाळी माणसाने काय खाल्लं होतं. उपाशी माणूस त्या गोष्टीत घेत नसत. एक बाई आपल्या सासूसाठी आली. ती म्हणाली, "आदल्या रात्री आमचं भांडण झालं होतं. सकाळी त्या जेवल्या नाहीत."

"मग हितं जेवतील. काय आवडायचं त्यांना?"

"शिळ्या भाकरीचा काला. दह्यातला. वरून लसूण."

अनसूयाबाईंनी औंधच्या अलीकडे एका झाडाखाली त्या सासूला दह्यातला काला वाढला. लसूण ठेचला, फोडणी कडकडली, सगळं सावकाश सांगितलं. ती बाई तिथे पहिल्यांदा रडली. आमच्या सगळ्यांच्याच पोटात त्या दिवशी काही फार नव्हतं. पण पोरं गप्प बसून तो काला ऐकत होती.

महिन्याभराने कारकून आले ते उभेच राहिले. म्हणाले, "बंधूंना उतरवा. काल कपडे ओळखून आलो."

अनसूयाबाईंनी टांगा थांबवला. एका पारावर बंधूंना बसवलं, हातपाय धुवायला पाणी दिलं, वरण-भात वाढला, वर तूप. "आता ते हितंच ऱ्हातील. बाकीचे म्होरं चालले," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी हुंकार द्यायला पोरं विसरली होती. कारकूनच देत होते, प्रत्येक वाक्याला, नीट.

मग तीच रीत पडली. ज्याचं कळलं, त्याच्या घरचं माणूस येऊन सांगायचं, आणि अनसूयाबाई त्याला जेवू घालून उतरवायच्या. काही घरच्यांनी न कळताच सांगितलं. थकले असतील. गेनूचा विषय कोणी काढला तर त्या म्हणायच्या, "त्यो एकटा कसा येईल? त्याच्या मागं मानसं हायत."

मी आयुष्यभर पुस्तकं वाचली. संकटात गोष्टींचा काय उपयोग, यावर विद्वानांनी लिहिलेलंही वाचलं. त्यांच्याशी माझा वाद नाही. मला इतकंच माहीत आहे की चाळीस मुलं जिन्यात गेली नाहीत, आणि नारायण पेठेतला एक माणूस आपल्या भावाला जेवू घालून घरी गेला.

शाळा दुरुस्त झाली. अनसूयाबाईंनी निवृत्त होईपर्यंत तीच घंटा वाजवली. मधल्या सुट्टीत पोरांना त्या वाटेवरचा एक मुक्काम सांगायच्या. पुढच्या पिढ्यांच्या पोरांना तो कोण, कुठला, काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी तो मीठवाला होता. त्याच्याबरोबरची माणसं हळूहळू कमी झाली. ज्यांचं विचारायला मागे कोणीच राहिलं नाही, त्यांना अनसूयाबाईंनी हुंकार देणाऱ्या पोरांची परवानगी विचारून उतरवलं. पोरं गंभीरपणे हो म्हणायची.

शेवंताला हिंजवडीतच दिली होती. अनसूयाबाई निवृत्तीनंतर तिच्याकडे गेल्या. मी वर्षातून एकदा भेटून यायचे. दर खेपेला गाव थोडं कमी झालेलं असे. शेवंताच्या सासरची जमीन कंपन्यांच्या रस्त्यात आणि इमारतीत गेली. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी तीन मजले चढवून नोकरीवाल्या मुलांना खोल्या भाड्याने दिल्या. खाली मोटारी लावायच्या जागेत अनसूयाबाईंची प्लास्टिकची खुर्ची असे. भोवती वॉचमनची, गवंड्यांची मुलं. त्यांतल्या निम्म्यांना मराठी येत नव्हतं, पण हुंकार द्यायला भाषा लागत नाही.

शेवटच्या खेपेला गेले तेव्हा गळ्यात ओळखपत्र घातलेला एक भाडेकरू मुलगा जिन्यावरून उतरत होता. तो थांबून म्हणाला, "आजी, एकदा फायनल सांगा ना, हा माणूस पोचतो की नाही? मी दोन वर्षं इथे राहतोय, हा अजून वाकडलाच."

"तुमची बस तरी कुटं पोचती वेळेवर," अनसूयाबाई म्हणाल्या.

मुलगा हसून गेला. पोरंही पांगली. मग त्या मला म्हणाल्या, "वडाचं झाड पाडलं, बाई. वढा नळीत घातला. त्याला वाटंची खून सांगावी तर काय सांगू? पेट्रोल पंप सांगते हल्ली. त्यो बिचारा पंपाला काय वळखतोय."

मला त्या क्षणी वाटलं, हे मी आणखी एकटीने घेऊन जाऊ नये. मी सांगून टाकलं. समोरच्या गच्चीवरचे गृहस्थ, सायकल, हाका, बंद खिडक्या. एवढी वर्षं सांगितलं नाही, हेही सांगितलं. मी गोष्ट सांगायला लावली नसती तर, असं काहीतरी पुढे बोलू लागले.

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ठावं हाय, बाई. मी ऐकली हाक."

त्यांचा हात तसाच माझ्या मनगटावर होता.

"दोन हाका मारल्या. 'अक्का' म्हनून एक, मग शेवंताच्या नावानं एक. पोरं नुकती कुटं बसली व्हती. खिडकी उघडली आसती तर पानी दिसलं आसतं त्यास्नी. मी हुंकार वाढवला." मग त्या म्हणाल्या, "तिसरी मारली आसती तर उघडली आसती. आसं मी म्हनते. कुनाला ठावं."

रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या एकामागे एक तटून उभ्या होत्या. शेवंता वरच्या मजल्यावरून वाळत घातलेले कपडे काढत होती. मी म्हटलं, "आता उतरवा त्याला. सगळ्यांना उतरवलंत."

"घरच्यांनी सांगावं लागतं."

"घरच्या तुम्हीच की."

"मी न्हाई," त्या म्हणाल्या. "मी आत व्हते."

नंतर चहा झाला. त्या मला बसथांब्यापर्यंत सोडायला आल्या. शेवंता नको म्हणत होती तरी आल्या. रस्ता ओलांडताना त्यांनी तळहात वर करून एक मोठी गाडी थांबवली. बस आली तेव्हा ड्रायव्हरला सांगू लागल्या, "ह्या बाईंना कसब्यात जायाचं हाय. आधी वाकड, मग औंध, मग गनेशखिंड. मधी कुटं वळू नको."

ड्रायव्हर म्हणाला, "आजी, रोजचाच रूट हाय माझा."

"आसंल. तरी सांगते."

बस हलली. त्या दुभाजकाच्या कडेला उभ्या होत्या. माझ्याकडे पाहत नव्हत्या. बसच्या पलीकडे, वाकडकडून येणाऱ्या वाटेकडे पाहत होत्या.

गेल्या पौषात त्या गेल्या. शेवटचे आठ दिवस त्या बोलत नव्हत्या, असं शेवंता म्हणाली. तेराव्याला मी गेले होते. सगळे पांगल्यावर मी तिला म्हटलं, मामाला उतरवायचं सांगण्याचा अधिकार आता तुझा आहे. पुराच्या दिवशी तीही त्या वर्गात होती. तिने काय ऐकलं होतं हे मी तिला कधी विचारलेलं नाही. ती म्हणाली, "बघू, बाई. जरा थांबा."

मी थांबले आहे. ती गोष्ट आता आम्हा दोघींनाच पूर्ण येते. तिच्यात एकच माणूस उरला आहे.